डिस्कवर चेहरे लांबुळके का होतात? टीव्ही रेकॉर्डिंगमधला अॅस्पेक्ट रेशो कुठे बिघडतो आणि कसा दुरुस्त करायचा

सेट-टॉप बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग टीव्हीवर व्यवस्थित दिसतं, पण त्याची डीव्हीडी केली की माणसं उभी ताणली जातात. कुणाकडे उलट होतं, सगळे आडवे फुगतात. कुणाची पहिली वीस मिनिटं बरोबर असतात आणि जाहिरातींनंतर चित्र बिघडतं. कुणाला चारही बाजूंनी काळी चौकट मिळते आणि नाटक मध्ये पोस्टकार्डाएवढं दिसतं. तक्रारी एका जातीच्या वाटल्या तरी बिघाडाच्या जागा निरनिराळ्या असतात. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर उरलंसुरलं चित्रही हातचं जातं.

बहुतेक वेळा चित्र शाबूतच असतं. चुकलेली असते ती ‘हे चित्र किती रुंद दाखवायचं’ ही, म्हणजे अॅस्पेक्ट रेशोची (रुंदी-उंचीच्या प्रमाणाची) नोंद. नोंद चुकली म्हणून अख्खं रेकॉर्डिंग पुन्हा एन्कोड करणं (नव्याने संकुचित करून लिहिणं) हा सर्वांत सर्रास होणारा आणि सर्वांत महागात पडणारा उपाय आहे, कारण त्यात स्पष्टपणा जातो आणि तो परत मिळत नाही. म्हणून आधी मोजा, मग जागा शोधा. एन्कोडिंगला अगदी शेवटी हात घाला.

मुळात घोळ कशामुळे होतो

आपल्याकडचं एसडी (साध्या दर्जाचं, एचडी नसलेलं) प्रक्षेपण ५७६ ओळींचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं. डीव्हीडीवर त्याची पूर्ण चौकट ७२० × ५७६ पिक्सेलची असते. चित्र ४:३ असो की १६:९, पिक्सेल तेवढेच. १६:९ चित्र या चौकटीत आडवं चेपून भरलेलं असतं आणि दाखवताना ते पुन्हा पसरायचं असतं. पसरायचं की नाही, हे सांगणाऱ्या नोंदी अशा ठिकाणी असतात:

पहिली नोंद एमपेग-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार) प्रवाहाच्या आत, प्रत्येक सीक्वेन्स हेडरमध्ये (व्हिडिओत पुन्हा पुन्हा येणाऱ्या माहितीच्या तुकड्यात); तिला फ्लॅग म्हणतात. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) ००, ००, ०१, बी३ हे चार बाइट शोधा. त्यांच्या पुढच्या तीन बाइटमध्ये लांबी-रुंदी असते आणि त्यानंतरच्या बाइटमध्ये अॅस्पेक्ट रेशो व फ्रेमचा वेग. तिथे २३ असेल तर ४:३ आणि २५ फ्रेम, ३३ असेल तर १६:९ आणि २५ फ्रेम. सगळा फरक त्या एका आकड्याचा.

दुसरी नोंद डीव्हीडीच्या आयएफओ फाइलमध्ये (डिस्कवरच्या व्हिडिओची माहिती ठेवणारी फाइल). टीव्हीखाली ठेवलेला डीव्हीडी प्लेअर ही नोंद प्रमाण मानतो. संगणकावरचे प्लेअर मात्र बरेचदा प्रवाहातला फ्लॅग वाचतात. ‘कॉम्प्युटरवर बरोबर, हॉलमधल्या प्लेअरवर चूक’ या तक्रारीचं मूळ इथेच आहे.

तिसरी जागा म्हणजे प्लेअर आणि टीव्ही यांच्या सेटिंग्ज.

याशिवाय चौथी शक्यता अशी की काळ्या पट्ट्या चित्रातच भरलेल्या असतात. नोंदी बदलून त्या जात नाहीत.

वर्तुळ मोजा

पडद्यावर समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा: भिंतीवरचं घड्याळ, ताट, गाडीचं चाक, नाही तर वाहिनीच्या बोधचिन्हातलं वर्तुळ. चित्र तिथे थांबवा आणि पट्टीने रुंदी व उंची मोजा. रुंदीला उंचीने भागा.

उत्तर १ आलं तर आकार बरोबर आहे. तक्रार असलीच तर ती पट्ट्यांची. ०.७५ आलं तर १६:९ चित्र ४:३ म्हणून दाखवलं जातंय. १.३३ आलं तर ४:३ चित्र १६:९ म्हणून ताणलं जातंय. ०.९४ च्या आसपास आलं तर फाइलमध्ये अॅस्पेक्ट रेशोची नोंदच नाही आणि प्लेअर ७२० × ५७६ हे पिक्सेल चौरस धरून दाखवतोय. यूएसबी कॅप्चरच्या (एव्ही वायरीचं चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणाच्या) फाइलींत हे फार दिसतं. ०.७० आलं तर तीच गत, पण चित्र १६:९ चं. ०.५६ किंवा १.७८ आलं तर एकाच दिशेच्या दोन चुका एकावर एक बसल्या आहेत, उदाहरणार्थ आयएफओ चुकीची आणि वर टीव्हीही चुकीच्या मोडवर. अशा वेळी एक चूक काढून पुन्हा मोजा.

हे मोजमाप तीन ठिकाणी करा: मूळ टीएस फाइल (प्रक्षेपणाचं जसंच्या तसं रेकॉर्डिंग), डिस्कसाठी तयार झालेला व्हिडिओ फोल्डर आणि शेवटी प्लेअरमधली डिस्क. आकडा ज्या टप्प्यावर बदलतो, बिघाड त्याच टप्प्यावर आहे. व्हीएलसीमध्ये ‘ए’ ही कळ दाबत गेलात की वेगवेगळे रेशो लागू होतात. १६:९ लावल्यावर ताट गोल झालं तर पिक्सेल ठीक आहेत, फक्त फ्लॅग चुकलाय. तपासून झालं की ते मूळ स्थितीवर आणा, नाहीतर पुढची मोजमापं फसवी येतील.

आधी प्लेअर आणि टीव्ही

फाइलींना हात लावण्याआधी पाच मिनिटं इथे घालवा. टीव्हीच्या रिमोटवरचा पिक्चर साइझ ‘ऑटो’ वर ठेवा. झूम किंवा सक्तीचा १६:९ नको. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप १६:९ निवडा. तिथे ‘४:३ पॅन-स्कॅन’ राहिलं असेल तर १६:९ डिस्कच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि नाटकात रंगमंचाच्या टोकाला उभं असलेलं पात्र गायब होतं.

एचडीएमआयने जोडलेल्या प्लेअरची आणखी एक खोड आहे. आउटपुट ७२०पी किंवा १०८०पी असेल तर तो सिग्नल कायम १६:९ असतो आणि काही प्लेअर ४:३ डिस्कसुद्धा पूर्ण पडद्यावर ताणून टाकतात. दोन उपाय आहेत. आउटपुट ५७६पी करा, मग टीव्ही स्वतः ४:३ ठरवू शकतो. किंवा प्लेअरमध्ये ‘स्क्वीझ’, ‘पिलरबॉक्स’ किंवा ‘नॉर्मल’ अशा नावाचा पर्याय असेल तर तो निवडा. जुन्या ४:३ डिस्क नव्या टीव्हीवर फुगलेल्या दिसतात त्यातल्या बऱ्याच एवढ्यानेच सुधारतात.

डिस्क पूर्ण एकाच प्रकारे चुकली असेल

सुरुवातीपासून शेवटपर्यंत ०.७५ किंवा १.३३ असेल आणि मूळ फाइल बरोबर असेल, तर आयएफओ तपासा. डीव्हीडी-आर वर लिहिलेलं बदलता येत नाही, पण डिस्कवरचा व्हिडिओ फोल्डर हार्ड डिस्कवर जसाच्या तसा उतरवून, नोंद बदलून, नव्या डिस्कवर लिहिता येतो. चित्राला धक्का लागत नाही.

आयएफओ-एडिट या प्रोग्राममध्ये त्या टायटल सेटची (डिस्कवरच्या व्हिडिओच्या एका गटाची) शून्य क्रमांकाची आयएफओ फाइल उघडा. व्हिडिओ अॅट्रिब्यूट्समध्ये अॅस्पेक्ट रेशोच्या ओळीवर दोनदा क्लिक करून योग्य रेशो निवडा. १६:९ केलंत तर त्यासोबतचा परवानगीचा पर्याय ‘फक्त लेटरबॉक्स’ (वर-खाली काळ्या पट्ट्या) ठेवा, म्हणजे कुणाच्या जुन्या ट्यूब टीव्हीवरही कडा कापल्या जाणार नाहीत. सेव्ह करताना बीयूपी फाइलही बदलली पाहिजे. ती आयएफओची राखीव प्रत असते आणि दोन्ही सारख्या असायला हव्यात. मग इमगबर्न या डिस्क लिहिणाऱ्या प्रोग्रामने फोल्डर नव्या डिस्कवर लिहा. पहिली प्रत आरडब्ल्यू डिस्कवर काढून हॉलमधल्या प्लेअरवर पाहा.

डिस्क अजून बनवलीच नसेल तर नोंद प्रवाहातच दुरुस्त करणं अधिक चांगलं. इथे एफएफएमपेग (कमांडने चालणारा व्हिडिओ प्रोग्राम) वापरणारे नेहमी फसतात. व्हिडिओ ‘कॉपी’ ठेवून ‘अॅस्पेक्ट’ हा पर्याय दिला तर बदल फक्त बाहेरच्या वेष्टनात होतो आणि एमपेग-२ च्या टीएस किंवा प्रोग्राम स्ट्रीमच्या वेष्टनात तो लिहायला जागाच नाही. कमांड बिनतक्रार पूर्ण होते, फाइल मात्र होती तशीच राहते. त्यासाठी एमपेगटू-मेटाडेटा नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे. त्यात डिस्प्ले अॅस्पेक्ट रेशो १६/९ किंवा ४/३ दिला की प्रत्येक सीक्वेन्स हेडरमधला आकडा बदलतो आणि एन्कोडिंग अजिबात होत नाही. हे काम डिस्क ऑथर करण्याआधी (व्हिडिओपासून डीव्हीडीचा फोल्डर बनवण्याआधी) करायचं. तयार व्हीओबी फाइलींवर (डीव्हीडीच्या फोल्डरमधल्या व्हिडिओ फाइली) करू नका, त्यातली नेव्हिगेशन पाकिटं बिघडतात.

डीव्हीडी-ऑथर हा ऑथरिंगचा प्रोग्राम वापरत असाल तर त्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये टायटल सेटच्या व्हिडिओ टॅगमध्ये अॅस्पेक्ट स्वतः लिहा आणि वाइडस्क्रीनसाठी ‘नो-पॅनस्कॅन’ द्या. प्रोग्रामवर सोडलंत तर तो पहिल्या हेडरमध्ये दिसेल ते धरून चालतो. पुढच्या तक्रारीचं मूळ नेमकं तेच आहे.

सुरुवात ठीक, जाहिरातीनंतर बिघाड. किंवा एकाच वाहिनीची एक डिस्क बरोबर, एक चूक

हा सगळ्यांत चिवट प्रकार. डिजिटल प्रक्षेपणात रेशो कार्यक्रमागणिक, कधी जाहिरातीगणिक बदलू शकतो. सेट-टॉप बॉक्सला त्याचं काही नाही, कारण तो प्रत्येक हेडर वाचून लगेच जुळवून घेतो. डीव्हीडी-व्हिडिओत तसं चालत नाही. एका टायटल सेटमधल्या सगळ्या चित्राला एकच रेशो.

आता रेकॉर्डिंग आपण दोन-तीन मिनिटं आधीच सुरू करतो. त्या मिनिटांत आधीचा कार्यक्रम किंवा ४:३ ची जाहिरात चालू असते. ऑथरिंगचा प्रोग्राम पहिला हेडर वाचतो, त्यात ४:३ दिसतं आणि पुढच्या दोन तासांच्या १६:९ नाटकावर तोच शिक्का बसतो. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरही व्हिडिओ मोडमध्ये (नेहमीची डीव्हीडी-व्हिडिओ डिस्क बनवताना) असंच करतात. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामनेही फसू नका. तेही मुख्यतः फाइलच्या सुरुवातीचा भाग पाहून रेशो सांगतं. म्हणून त्यात ४:३ दिसणं आणि नाटक १६:९ असणं, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

इलाजाचा क्रम असा. मूळ टीएस फाइल प्रोजेक्ट-एक्स या प्रोग्राममधून काढा. हे फक्त एमपेग-२ साठी चालतं. त्याच्या लॉगमध्ये रेशो कुठल्या वेळेला बदलला ते लिहून येतं. त्या वेळा कागदावर उतरवून घ्या. मग सुरुवातीचा फालतू भाग आणि जाहिराती कापा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं, कारण रेशो बदलणारे तुकडे जाहिरातींचेच असतात आणि उरलेलं सगळं एकसारखं निघतं.

कापताना एक बारकावा जपा. फ्लॅग बदलण्याचा क्षण आणि चित्र बदलण्याचा क्षण नेहमी एकच नसतो. काही फ्रेमपासून सेकंदभरापर्यंत फरक पडतो. कात्री चित्र बदलतं तिथे चालवा, आय-फ्रेमवर (स्वतःपुरती पूर्ण असलेली फ्रेम). आणि सगळे तुकडे जोडल्यावर वर सांगितलेला फिल्टर एकदा फिरवून सगळ्या हेडरमध्ये एकच आकडा करून घ्या. हे केलं नाही तर कार्यक्रमाच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला क्षणभर चित्र चेपलेलं दिसतं.

कार्यक्रमातच दोन्ही प्रकार असतील, म्हणजे आजची १६:९ मुलाखत आणि मध्ये जुन्या ४:३ चित्रणाचे लांब तुकडे स्वतःच्या फ्लॅगसह, तर दोन मार्ग आहेत. प्रत्येक प्रकाराचा वेगळा टायटल सेट करा. एका डिस्कवर ९९ पर्यंत चालतात, पण एकातून दुसऱ्यात जाताना प्लेअर क्षणभर अडखळतो. तुकडे दोन-चारच असतील तर हे उत्तम, चित्राला हात लागत नाही. तुकडे बरेच असतील तर कमी लांबीचे ४:३ तुकडे तेवढे एन्कोड करून १६:९ चौकटीत बसवा: ७२० ची रुंदी ५४० करा, दोन्ही बाजूंना ९० पिक्सेलची काळी पट्टी भरा आणि फ्लॅग १६:९ द्या. उंचीतल्या ओळी जशाच्या तशा राहतात, त्यामुळे इंटरलेसचा (एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन फील्ड गुंफलेली असण्याचा) प्रश्न उद्भवत नाही.

डीव्हीडी-रॅम किंवा आरडब्ल्यू डिस्कवर व्हीआर मोडमध्ये (रेकॉर्डरचा दुसरा, डीव्हीडी-व्हिडिओहून वेगळा मोड) रेकॉर्ड केलं तर रेशो मध्येच बदललेला चालतो. मात्र त्या डिस्क प्रत्येक प्लेअरवर चालत नाहीत, आणि व्हिडिओ मोडमध्ये उतरवताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने घेतलेलं रेकॉर्डिंग

खासगी डीटीएचच्या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग सहसा त्या बॉक्सपुरतं कुलूपबंद असतं, म्हणून लोक एव्ही वायरीने रेकॉर्डर किंवा यूएसबी कॅप्चर जोडतात. इथे रेशोची नोंद वाटेतच सांडते. युरोपात स्कार्ट जोडणीत आठव्या पिनवर यासाठी वेगळं व्होल्टेज असतं, १६:९ साठी साधारण ६ आणि ४:३ साठी १२. पिवळ्या वायरीत तशी सोय नाही. चित्राच्या २३ व्या ओळीत वाइडस्क्रीनचा संकेत पाठवता येतो, पण तो पाठवणारे बॉक्स थोडे आणि वाचणारे रेकॉर्डर त्याहून थोडे. त्यामुळे रेकॉर्डर बहुधा सगळंच ४:३ लिहितो.

म्हणून बॉक्सच्या सेटिंगपासून सुरुवात करा. टीव्ही १६:९ ठेवा, आणि डिस्प्लेसाठी ‘ओरिजिनल’ किंवा ‘फुल’ असा, चित्राला हात न लावणारा पर्याय निवडा. ‘४:३ लेटरबॉक्स’ ठेवलंत तर ५७६ पैकी ४३२ ओळींतच चित्र येतं. वर-खाली ७२-७२ ओळी काळ्या जातात, म्हणजे पाव चित्र वाया. नंतर ते मोठं करून स्पष्टपणा येत नाही. रेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंगचा रेशो हाताने १६:९ लावा. तशी सोय नसेल तर डिस्क झाल्यावर आयएफओ बदला.

रेकॉर्डरचा वेगही पाहा. चार तासांच्या एलपी मोडमध्ये अनेक रेकॉर्डर ३५२ × ५७६ ची अर्धी चौकट वापरतात आणि डीव्हीडीच्या नियमात अर्ध्या चौकटीला १६:९ ची परवानगी नाही. सेटिंग १६:९ दाखवत असूनही डिस्क ४:३ निघते ती यामुळे. १६:९ साठी दोन तासांचा एसपी किंवा त्याहून वरचा मोड वापरा. तीन तासांचं नाटक ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवायचं तर आवाजासकट सेकंदाला जेमतेम ३.५ मेगाबिट मिळतात, ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कवर ६.३. नृत्य किंवा लोककलेचा कार्यक्रम असेल, हालचाल भरपूर असेल, तर दुहेरी थराची डिस्क घ्या किंवा मध्यंतरापाशी दोन डिस्क करा.

यूएसबी कॅप्चरमध्ये सिग्नल पॅल-बी आणि आकार ७२० × ५७६ निवडा. ६४० × ४८० कधीच नको, त्यात ओळींचं कडबोळं होतं. फाइलमध्ये रेशोची नोंद नसणारच. डीव्हीडीसाठी एन्कोड करताना ती स्वतः द्या.

चारही बाजूंनी काळी चौकट

१६:९ चित्र आधी ४:३ मध्ये लेटरबॉक्स झालं आणि ते पुन्हा १६:९ चौकटीत दोन बाजूंच्या पट्ट्यांसह बसलं, तर ही स्थिती येते. पट्ट्या पिक्सेलमध्ये भरलेल्या असल्यामुळे इथे एन्कोडिंगला पर्याय नाही.

एसडी ४:३ फाइल असेल तर वरून ७२ आणि खालून ७२ ओळी कापा, उरलेल्या ४३२ ओळी ५७६ पर्यंत वाढवा, फ्लॅग १६:९. १९२० × १०८० ची एचडी फाइल असेल तर आतलं चित्र मध्यभागी १४४० × ८१० एवढं असतं. डावी-उजवीकडून २४०, वर-खालून १३५ कापा आणि ७२० × ५७६, १६:९ करा. एचडी चौकटीत फक्त बाजूच्याच पट्ट्या असतील तर डावी-उजवीकडून २४० कापून ७२० × ५७६ करा, फ्लॅग ४:३.

उंचीतल्या ओळी कमी-जास्त करताना इंटरलेस विसरू नका. दोन फील्ड एकमेकांत मिसळले की हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते येतात. आधी एफएफएमपेगच्या बीडब्ल्यूडिफ फिल्टरने इंटरलेस सोडवून सेकंदाला ५० फ्रेम करा, मग कडा कापा आणि आकार बदला, मग पुन्हा इंटरलेस करून २५ वर आणा, वरचं फील्ड आधी. क्रम उलटला तर चित्र थरथरतं.

५४४ किंवा ४८० रुंदीचं चित्र

जागा वाचवायला काही एसडी वाहिन्या ५४४ × ५७६ किंवा ४८० × ५७६ पाठवतात. फ्लॅग बरोबर असला तरी हे आकार डीव्हीडी-व्हिडिओत बसत नाहीत. हेडरमधली रुंदी खोटी ७२० लिहून फसवण्याची युक्ती अनेकजण सांगतात; एका प्लेअरवर ती चालते, दुसऱ्यावर चित्र डाव्या कोपऱ्यात जातं. ती वापरू नका. रुंदी ७२० करून नीट एन्कोड करा, उंची आणि फ्लॅग तसेच ठेवा. एमपेग-४ प्रक्षेपणाचंही तेच. डीडी फ्री डिशवर एमपेग-२ आणि एमपेग-४ अशा दोन्ही प्रकारच्या वाहिन्या आहेत, आणि एच.२६४ (म्हणजे इथलं एमपेग-४) व्हिडिओ डीव्हीडी-व्हिडिओत चालत नाही, त्यामुळे एन्कोडिंग अटळच आहे. त्यात रेशो थेट लिहिलेला नसतो, पिक्सेलचा आकार लिहिलेला असतो: ४:३ साठी सहसा १२:११ आणि १६:९ साठी १६:११. एन्कोडरने तो वाचला की नाही ते वर्तुळ मोजून बघा.

गोल जवळजवळ गोल आहे, पण पूर्ण नाही

०.९८ किंवा १.०२ असा आकडा येत असेल तर ७२० आणि ७०४ चा घोळ आहे. जुन्या मानकानुसार खरं चित्र साधारण ७०२ पिक्सेलमध्ये असतं आणि कडेचे आठ-नऊ पिक्सेल रिकामे. एचडीवरून डीव्हीडी करताना काटेकोर राहायचं असेल तर ७०४ पर्यंत छोटं करा आणि दोन्ही बाजूंना ८ काळे पिक्सेल भरा. फरक दोन टक्क्यांचा असल्यामुळे नाटक-मुलाखतींसाठी एवढा खटाटोप लागत नाही. नकाशे, रांगोळी, वास्तूंचं चित्रण असेल तर जरूर करा.